नरपडच्या खळ्यासाठी निवडलेले सेल

मुलांनो,

गेल्या रविवारी थोरल्याने फोनवर विचारले, "आजी, मी एक जुना डिजिटल कॅमेरा घेतलाय. दोन पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल कुठले घेऊ?" मी म्हणाले, "दुकानदार देईल ते घे," आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. ते उत्तर खोटे होते. कुठले सेल घ्यावेत हे मला नीट माहीत आहे. पण ते मी मारझोडीतून शिकले, आणि फोनच्या त्या टोकाला तुमची आई पोळ्या लाटत असताना ती हकीकत सांगायला माझी जीभ वळेना. थोरला आता सतरा वर्षांचा आहे, धाकटी पंधराची. माझी सत्तरी उलटली. सगळे क्रमाने आठवते आहे तोवर लिहून ठेवते. यात रक्त आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही आहे.

मी तलासरीच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तुमच्या बाबांनी मलाही तसाच एक कॅमेरा पाठवला होता. साबणाच्या वडीएवढा. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापायचा, त्याचे मला फार कौतुक. त्यात मी किराणा दुकानातले साधे सेल घालायची, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेच. चार-पाच फोटो झाले की पडद्यावर रिकाम्या सेलचे चित्र लुकलुकायचे आणि कॅमेरा बंद. चिकूचा मोहोर नाहीतर शेजारची बारशी, एवढ्याला चार-पाच फोटो पुष्कळ होत.

२०१५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. नरपडची एक मासळीवाली मला एक दिवसाआड मासळी आणून द्यायची. त्या सकाळी ती डहाणूला माझ्या मागच्या दारी आली, पण डोक्यावर पाटी नव्हती. पदर कानावर घट्ट दाबून धरला होता आणि त्यातून रक्त कोपरापर्यंत उतरले होते.

"बाई, जरा हळद द्या."

"कोणी केलं?"

"दिराने. कानातलं धरून ओढलं." कानाची पाळी खालपर्यंत दुभंगली होती. "खोटंच होतं ते. मेल्याला सोनं वाटलं."

मी हळद दाबली, कापूस दिला, डॉक्टरकडे चल म्हणाले. ती म्हणाली, बोंबील पडून हाय, जायला पायजे.

तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. मूलबाळ नाही. त्याच्या मागे तिला मिळाले ते फक्त खळे, म्हणजे किनाऱ्यालगतची मासळी सुकवायची जागा. तिथे उभ्या बांबूंना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून त्यावर टांगतात. पावसाळा सोडला तर तिचे वर्ष त्या खळ्यावर चाले. दिराला ते हवे होते. समुद्र दिसणाऱ्या खोल्या बांधून मुंबईच्या लोकांना भाड्याने द्यायच्या, असे त्याने कोणाशी तरी ठरवले होते. ती सही करीना. म्हणून तो दर थोड्या दिवसांनी यायचा, बांबू लाथेने पाडायचा आणि तिला मारायचा.

गावकीच्या पंचांकडे ती तीनदा गेली होती. तिन्ही वेळा पंच खळ्यावर आले, तेव्हा सगळे जागच्या जागी उभे. याला कारण तिथल्या कामाची रीत. ओला बोंबील वाळूत पडला तर तासाभरात त्याची माती होते. त्यामुळे मांडव पडला की आजूबाजूच्या साऱ्या बाया हातातले टाकून धावतात, बांबू उभे करतात, मासळी समुद्राच्या पाण्यात खळबळून पुन्हा टांगतात. मार खाल्लेली बाईसुद्धा उठून टांगायला लागते. कोणी कोणाला सांगावे लागत नाही. पंच येईपर्यंत खळे असे दिसे की जणू काही झालेच नाही. दीर म्हणे, "बघा, कुठं काय मोडलंय? पडली असेल दारू पिऊन."

"मांडव तसाच पडू दे ना एक दिवस," मी तिला म्हणाले.

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी जणू तिला मूल वाळूत टाकून ये म्हणाले होते. मग म्हणाली, "तुमचा तो फोटोचा डबा हाय ना बाई? त्याच्यात तारीख येते ना?"

तेव्हा तिथल्या बायांकडे साधे बटणांचे फोन होते, माझ्याकडेही तसाच. असे ठरले की दीर आला की शेजारच्या खळ्यावरची बाई मला दोनदा मिस्ड कॉल देईल. घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटे. मी दप्तरवजा पिशवी तयार करून दाराला लावली. किराणा दुकानातून नवे सेल घेतले.

पहिला कॉल आठवड्यातच आला. कॅमेऱ्यातले सेल जुने होते, म्हणून धावत्या रिक्षात बदलले. कॅमेऱ्याने काहीतरी विचारले, मी घाईत बटण दाबून पुढे गेले. खळ्यावर पोचले तेव्हा तो निघून गेला होता. ती गुडघ्यांवर बसून बोंबील वेचत होती. डोळ्याच्या वर भुवई फुटली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होते, ते ती दंडाने पुसायची आणि पुन्हा वेचायची. मी चार फोटो काढले. पाचव्याला कॅमेरा मिटला. एका बाईने सेल काढून तापलेल्या पत्र्यावर बोंबलांशेजारी ठेवले. रेडिओचे सेल ते लोक असेच उन्हात ठेवतात, थोडा दम येतो. त्या दमावर एक फोटो निघाला, तोही तिच्या पाठीचा.

डहाणूच्या स्टुडिओतून मी ते छापून आणले आणि पंचांसमोर ठेवले. सगळ्यांत म्हाताऱ्या पंचाने फोटो डोळ्यांजवळ नेला, कोपऱ्यात बघितले आणि पुढे सरकवला. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत होते, १ जानेवारी २००८.

"या तारखेला तर हिचा नवरा जिवंत होता, बाई," तो म्हणाला. "त्यानेच मारलं असंल."

लोक हसले. दीर सर्वांत मोठ्याने हसला.

सेल पूर्ण संपून बाहेर आले की कॅमेऱ्यातले घड्याळही थोड्या वेळात मरते आणि कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर जाते. नवे सेल घातल्यावर त्याने मला विचारले होते ते हेच. मी आयुष्यभर मुलींना उत्तरपत्रिकेवर आधी तारीख लिहायला शिकवले होते. पंचांसमोर ती मान खाली घालून उभी होती. बाहेर आल्यावर दिराने वाटेतच तिच्या पोटात लाथ घातली, आम्ही दोघी-तिघी असताना, "घे, हिचापण फोटो काढ" असे म्हणून.

मी ठरवले की आता साधे सेल बंद. रिचार्जेबल घ्यायचे आणि कायम भरलेले ठेवायचे. निवृत्तीवेतनाच्या कागदासाठी मला तलासरीला जायचे होते, तिथून गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यापर्यंत गेले. ट्रकवाल्यांसाठी रस्त्याकडेला टॉर्च, चार्जर, गाण्यांची कार्डे मांडून बसलेले विक्रेते असतात. सेलवर आकडे लिहिलेले होते. एकावर दोन हजार, एकावर अडीच, एकावर चार हजार सातशे. आकडा मोठा तितका सेलचा दम जास्त, असे विक्रेत्याने हिंदीत समजावले. मी अर्थातच चार हजार सातशेवाले घेतले. इंग्रजी वाचता येणाऱ्या माणसाला छापील आकड्यावर फार विश्वास असतो. घरी चार्जरला रात्रभर लावले, सकाळी तारीख नीट भरली, तीस फोटो काढून पाहिले. उत्तम. मग पुन्हा भरून पिशवीत ठेवले.

कॉल आला तो तब्बल पाच आठवड्यांनी.

या वेळी मी पोचले तेव्हा तो तिथेच होता. हातात उपटलेला बांबू. ती वाळूत बसली होती आणि दोन्ही हात डोक्यावर धरून होती. मी पिशवीतून कॅमेरा काढला, बटण दाबले. भिंग अर्धे बाहेर आले, कुरकुरले आणि तसेच अडकले. पुन्हा दाबले. काही नाही.

त्याने वळून पाहिले. "काय बाई, आज कुठली तारीख?"

आणि त्याने बांबू तिच्या पाठीत घातला. आवाज ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आला. दुसरा मारला. माझ्या हातात मेलेला कॅमेरा होता आणि करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते, म्हणून मी त्याच्यावर धावले. सदुसष्ट वर्षांची बाई. कॅमेऱ्याची दोरी मनगटाला होती, मी तो कॅमेरा गोफणीसारखा फिरवून त्याच्या कानफटात मारला. त्याच्या गालाचे हाड फुटले नाही, पण कातडी फुटली. त्याने मला ढकलले, मी बांबूंवर पडले आणि माझ्या खांद्यावर बांबूचा एक तडाखा बसला. तो खांदा थंडीत अजून दुखतो. तुम्हाला मी पायरीवरून घसरले असे सांगितले होते.

पण तेवढ्यात बाया गोळा झाल्या होत्या. म्हातारी मेली तर आपल्या अंगाशी येईल, असे त्यालाही वाटले असावे. बांबू टाकून तो शिव्या देत गेला. त्या दिवशी तिच्या पाठीवर वळ उठले, बाकी काही नाही. तिने मला हात देऊन उठवले.

"बाई, तुमी तर कोळणीसारख्या मारता," ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी बोंबील वेचले.

दुसऱ्या दिवशी मी डहाणू स्टेशनजवळच्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार गुजराती, माझ्याच वयाचा. अच्छाडचे सेल मी काउंटरवर ठेवले.

"बेन, तुम्ही आकडा बघून घेतला ने?"

"हो."

"तो आकडा छापायला शाई लागते फक्त. एवढ्या लहान सेलमध्ये एवढं मावतच नाही." त्याने सेल तळहातावर तोलला. "आणि हा भरून किती दिवस ठेवला?"

"पाच आठवडे."

"मग तो गळला. नळ टपकतो तसा. वापरा नाही तर नका वापरू, रोज थोडा रिकामा होतो." मग विचारले, "रोज फोटो काढता?"

"नाही. महिना महिना नाही. पण काढायची वेळ आली की त्याच मिनिटाला."

दुखऱ्या हाताला आधाराची बांधलेली माझी झोळी त्याने पाहिली असावी. आतून त्याने पांढऱ्या सालीचे चार सेल आणले. आकडा फक्त दोन हजार. "लग्नाचे फोटो काढणारा आला तर मी त्याला अडीच हजारवाले देईन, तो एका दिवसात खलास करतो. तुम्हाला हे. वर्षभर कपाटात ठेवले तरी बरेचसे भरलेले राहतात. आणि हा चार्जर घ्या, प्रत्येक सेल वेगळा तपासतो. घाईवाला चार्जर घेऊ नका, तो सेल भाजतो. दोन जोड्या करा, एक जोडी दुसरीत मिसळू नका. दुबळा सेल चांगल्याला खातो."

थोरल्या, तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. कॅमेरा रोज वापरणार असशील तर मोठ्या आकड्याचे घे, पण खऱ्या दुकानातून. पडून राहणार असेल तर पडून टिकणारे घे. सेल बदलले की आधी तारीख बघ.

मी जोड्यांना लाल आणि हिरवा दोरा बांधला. एक जोडी भरून महिनाभर तशीच ठेवली आणि मग फोटो मोजले, दीडशेच्या वर निघाले. मला इतके समाधान झाले की मी ते तिला सांगायला नरपडला गेले. कॅमेऱ्याचे भिंग मुंबईहून दुरुस्त होऊन आले होते. खळ्यावर बसून मी तिला सगळे समजावले. तिने दोन्ही हातांनी सेल ओंजळीत घेतले आणि म्हणाली, "म्हंजे आता येऊ दे त्याला."

मी पण तेच म्हणाले. आता येऊ दे.

म्हातारीला मारल्याचा बोभाटा झाल्यापासून तो फिरकला नव्हता; आला तो पुढच्या हिवाळ्यात. खोल्यांचा व्यवहार अडला होता आणि त्याने पैसे आधीच घेतले होते, असे नंतर कळले. सकाळचे दहा वाजले असतील. रिक्षातून उतरताना मी कॅमेरा चालू केला, भिंग सरळ बाहेर आले, तारीख बरोबर होती.

त्याच्याकडे लोखंडी पहार होती. तो एकेक खांब मुळापासून उखडत होता, आणि ती त्याच्या मागे मागे "ठेव रे, ठेव" करत चालली होती. मी नारळाच्या आडोशाला उभी राहून पहिला फोटो काढला. दुसऱ्यात त्याने तिचे केस धरलेत. तिसऱ्यात ती खाली आहे आणि त्याचा पाय तिच्या मानेवर. चौथ्यात तिने उजव्या हाताने खांबाचा बुंधा धरून ठेवला आहे आणि पहार वर गेली आहे.

चौथा आणि पाचवा यांमध्ये तीन सेकंद गेले असतील. कॅमेरा फोटो साठवत होता, पडद्यावर छोटे घड्याळ फिरत होते. पहार तिच्या हातावर आली. एकदा, मग पुन्हा एकदा. तिने ओरडणे बंद केले. मी घड्याळ थांबायची वाट पाहिली आणि पाचवा काढला. मग सहावा. सातव्यात त्याने माझ्याकडे पाहिले आहे.

मी नारळामागून हलले नव्हते. आदल्या खेपेला सेल मेले म्हणून मी त्याच्यावर धावले होते. या खेपेला माझ्या हातात चालणारा कॅमेरा होता, आणि दहा-बारा पावलांवर तिचा हात चुरडला जात असताना मी चौकट नीट बसते की नाही ते बघत होते. हे मी तुमच्या बाबांनाही सांगितलेले नाही.

बायांनी दगड फेकून त्याला पळवले. मग त्यांच्यातल्या चौघींनी तिला उचलून रिक्षात घातले, आणि उरलेल्या लगेच वाकून बोंबील वेचू लागल्या. मी रिक्षात तिचा हात माझ्या मांडीवर, टॉवेलात धरून बसले होते. टॉवेलातले काय हाड आणि काय मांस ते कळत नव्हते. रस्ताभर ती एकच विचारत होती, "निघाले ना? निघाले ना बाई?"

"सात निघाले," मी म्हणाले.

या वेळी फोटो गावकीकडे न्यायचे नव्हते, सरळ पोलिसांत दिले. गुन्हा दाखल झाला. दीर पकडला गेला आणि खोल्या बांधणाऱ्याने काढता पाय घेतला. पुढे कोर्टातही ते फोटो लागले. तारखेबद्दल दिराच्या वकिलाने विचारले तेव्हा मी कॅमेरा, सेल, चार्जर, सगळे टेबलावर मांडून सांगितले, शाळेत सांगावे तसे. दिराला शिक्षा झाली, आणि जागेच्या दाव्यात खळे तिच्या ताब्यात राहील, दिराने तिथे पाय ठेवायचा नाही, असा निकाल झाला. म्हाताऱ्या पंचाने स्वतः येऊन एक खांब रोवला.

हाताची दोनदा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या वेळी मी तिच्या खाटेशी बसून तिला सांगितले की मला येता आले असते, मी आले नाही, मी फोटो काढत राहिले.

ती छताकडे बघत होती.

"दिसलं मना," ती म्हणाली. "तुमी झाडामागं होता ते."

मी तिच्या पायांवरची चादर सरळ केली.

"आला असता तर तुमचंपण डोकं फोडलं असतं. मग फोटो कोणी काढला असता?" आणि थोड्या वेळाने, तोंड भिंतीकडे करून, "पण वाटलं होतं, याल."

त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मासळी ती आता घरोघर विकत नाही, पाटी उचलवत नाही. मीच महिन्यातून दोनदा नरपडला जाते. कधी मी बोंबलांची दोरी धरते आणि ती टांगते, कधी नुसते बसतो. दीर सुटून आला आहे, दुसऱ्या गावी राहतो. या वर्षी तिचे तीन मांडव आहेत.

सात फोटो आहेत, माझ्या कपाटात एक संच आणि तिच्या पेटीत एक. खळे तिचे आहे. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट हलते, आणि त्या दोघांत ती बोंबलाची जोडी अजून अडकवते.